सबनीस बाईंचा होकार

ये गं अनू, इकडे ये, जवळ बस. तू गुडगावला आणि मी नोएडात, मध्ये अख्खी दिल्ली पसरलेली, पण तू जवळ बसली आहेस असं धरूनच मी लिहिणार. नाहीतर मला लिहिता येत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं वाचून वाचून आलं, आणि लिहिणं बोलण्यातून आलं. तेव्हा मावशीच्या शुद्धलेखनाला हसू नकोस. आणि आधी रागावते, मग बाकीचं.

परवा फोनवर सांगितलंस की लेकीच्या शाळेतून 'हेल्थ अँड सेफ्टी'चं चांगलं जाडजूड पुस्तक आलं होतं आणि तू शेवटच्या पानावर सही ठोकून ते परत पाठवून दिलंस. "मावशी, कोण वाचतं यार! लॅबमध्ये पळू नका, केस बांधा. नववीतल्या मुलींना हे सांगायचं असतं का?" असं म्हणून हसलीस. फोनवर मीही हसले. फोन ठेवला, पोळी लाटायला घेतली आणि हात थांबला. अगं, असं नाही करू. सही केलीस ती केलीस, पण ते पुस्तक परत मागव, लेकीला शेजारी बसव आणि दोघी मिळून वाचा. का ते कळायला तुला सबनीस बाई माहीत हव्यात.

तू त्यांना पाहिलं नाहीस. आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. सबनीस भाऊजी आणि तुझे काका एकाच मंत्रालयात. बाई एका मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायच्या. उंच, हडकुळ्या, अंगावर कायम सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आणि बांगडीत सेफ्टीपिनांचा घोस. आपल्याकडे बायका एखाददुसरी पिन अडकवून ठेवतात, नड पडली तर असावी म्हणून. बाईंच्या हातात इतक्या असायच्या की चालल्या की वाजायच्या. जिन्यात तो आवाज आला की खाली खेळणाऱ्या मुली आपोआप ओढण्या सावरायच्या. कारण ओढणी लोंबताना दिसली की बाई तिला धरून उभी करणार, दोन्ही टोकं मागे नेणार आणि पिन मारणार. एकदा सरोजिनी नगरच्या बाजारात स्कूटरवर मागे बसलेल्या एका पंजाबी मुलीची ओढणी चाकाकडे चालली होती. बाईंनी स्कूटरच अडवली. तिचा भाऊ भडकला. "आंटी, ये क्या कर रही हो?"

"पिन लगा रही हूँ बेटा, चाकू नहीं," बाई म्हणाल्या, आणि पिन लावूनच हटल्या. मी शेजारी भाजीची पिशवी घेऊन मेल्याहून मेल्यासारखी उभी.

घरातसुद्धा त्या प्रयोगशाळेतच असायच्या. मी म्हणायचे, बाई, आमटी कशी झालीये वास घेऊन सांगा. तर पातेल्यावर वाकणार नाहीत. हातभर लांब उभ्या राहून हाताने वाफ आपल्याकडे ओढायच्या, पंखा घातल्यासारखी.

"अहो, ही आमटी आहे. ॲसिड नाही."

"चिंच घातलीय ना? मग ॲसिडच."

कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायच्या. आत या, सतरंजीवर बसा म्हटलं तर आधी विचारायच्या, "मागचं दार कुठे आहे?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बस हा त्यांचा आणखी एक शत्रू. त्या वेळच्या प्रायव्हेट बसगाड्या तुला आठवणार नाहीत. शर्यत लावल्यासारख्या धावायच्या, आणि शाळेची पोरं पायरीवर द्राक्षांसारखी लटकलेली. बाई थेट ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन उभ्या राहायच्या. "भैया, बच्चे हैं, बोरे नहीं हैं. अंदर लेकर चलो, नहीं तो मैं यहीं बैठती हूँ." आणि खरंच इंजिनाच्या झाकणावर बसायच्या. ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा, पण पोरांना आत घ्यायचा.

प्रयोगशाळेतले त्यांचे नियम आमच्या बिल्डिंगमधल्या लहान मुलांनासुद्धा पाठ होते, कारण जिन्यात भेटेल त्याला त्या ते म्हणायला लावायच्या. केस बांधायचे. पायात बंद बूट. पळायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही. भाजलं तर आधी नळाखाली धरायचं, मग रडायचं. आणि शेवटी आवाज खाली आणून, "काही सांडलं, फुटलं, चुकलं, तर लगेच येऊन सांगायचं. मी ओरडणार नाही."

हे सगळं मी हसत सांगतेय, पण यातलं निम्मं आधीचं आणि निम्मं मीनलच्या नंतरचं.

मीनल आगाशे ही त्यांची अकरावीतली विद्यार्थिनी. आगाशे हेही आपलेच, सेंट्रल गव्हर्नमेंटवाले. रत्नागिरीहून बदली होऊन नुकते दिल्लीला आलेले. त्या मुलीने थंडी म्हणजे काय ते पाहिलेलंच नव्हतं. पहिलाच डिसेंबर, धुकं असं की समोरची बिल्डिंग दिसत नाही. नाक लाल, ओठ फुटलेले, सारखी खोकायची. वर्गात एवढ्या मुलींमध्ये मराठी ती एकटीच. बाईंना तिचा फार लळा. डब्यातून तिच्यासाठी थालीपीठ न्यायच्या.

बाईंच्या प्रयोगशाळेत शाल चालायची नाही. शाल, ओढणी, मफलर, सगळं दाराबाहेर खुंटीला. त्या दिवशी मीनलच्या अंगावर शाल राहिली. नकली लोकरीची, फुटपाथवर मिळते तसली. स्पिरिटच्या दिव्यावरून काहीतरी उचलायला ती पुढे वाकली आणि शालीचं टोक दिव्यावर गेलं. त्या कापडाला पेटायला वेळ लागत नाही, आणि ते अंगाला चिकटतं. बाईंनी स्वतःच्या हातांनी ते ओढून काढलं. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर मग जन्मभर गुळगुळीत डाग राहिले, पाणी सुकल्यासारखे. मुलगी काही दिवस दवाखान्यात होती. मग गेली.

चौकशी झाली. शाळेने नियमांचा कागद पुढे केला. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलीची सही घेतलेली होती, मीनलचीही होती. अहवालात आलं, की सूचना देऊनही विद्यार्थिनीने शाल काढली नाही. बाईंवर काही ठपका आला नाही. आम्हा सगळ्यांनाही तेच माहीत. आम्ही म्हणायचो, पोरी ऐकत नाहीत हो, बाईंनी किती सांगावं. वर्षभराने आगाशे बदली मागून दिल्ली सोडून गेले.

त्यानंतर बाई बदलल्या हे आम्हाला दिसत होतं. त्यांच्या घरातून शाल नावाची वस्तू गेली. कडाक्याच्या थंडीत स्वेटरवर स्वेटर घालतील, पण शाल नाही. मी अंगावर घेऊन वर गेले तर बोलायच्या नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघत राहायच्या. मग मीच ती जिन्याच्या कठड्यावर टाकून आत जायला लागले. आणि दुसरं म्हणजे मागून कोणी खोकलं की त्या वळायच्या. बसमध्ये, गणपतीच्या आरतीत, सिनेमाला. मान झटकन वळायची, डोळे कोणालातरी शोधायचे आणि मग पुन्हा समोर. एकदा महाराष्ट्र सरकारच्या अतिथीगृहात कोणाचं तरी व्याख्यान होतं. मागच्या रांगेत एका मुलीला खोकल्याची उबळ आली. बाई उठून तिच्यापाशी गेल्या, पाणी दिलं आणि पुढचं सगळं व्याख्यान तिच्या खुर्चीमागे उभं राहून ऐकलं. ती मुलगी बिचारी आक्रसून गेली. मी म्हटलं, बाई, चला, बसा ना. तर म्हणाल्या, "कमलताई, तुम्ही बसा. मी आहे इथे."

मग दिवस पालटले. टीव्हीवर चॅनेलच चॅनेल आले, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या, आणि ज्यांनी जन्मभर क्वार्टरच्या पिवळ्या भिंती पाहिल्या त्यांना स्वतःच्या घराची स्वप्नं पडायला लागली. आमच्या ऑफिसवाल्यांनी मिळून यमुनेपलीकडे एक सोसायटी काढलेली होतीच. कित्येक वर्षं तिथे नुसतं रान होतं, मग एकदम चार बिल्डिंगा उभ्या राहिल्या. आम्हालाही फ्लॅट लागला, सबनीसांनाही. एकाच बिल्डिंगमध्ये, समोरासमोरची दारं. पाणी खारं, वीज लहर लागेल तशी, पण घर आपलं.

आणि शाळा तर काय! नोएडात तेव्हा एकेक शाळा अशी उघडत होती जणू हॉटेल. काचेच्या भिंती, दारात कारंजं. बाई जुनी शाळा सोडून तिथल्या एका शाळेत लागल्या. तिथला प्रिन्सिपल तरणाबांड, टायवाला. त्याला शाळेच्या जाहिरातीसाठी प्रयोगशाळेतला फोटो हवा होता. त्याने चार गोऱ्या गोमट्या मुली निवडल्या, केस मोकळे, समोर दिवे पेटवलेले. म्हणे, स्माइल. बाईंनी दिवे फुंकर न मारता एकेक करून टोपण ठेवून विझवले, मुलींचे केस बांधले, डोळ्यांवर ते जाड चष्मे चढवले आणि म्हणाल्या, "अब लीजिए फोटो."

"मॅडम, ये तो वेल्डर लग रही हैं!"

"वेल्डर की आँखें सलामत रहती हैं, सर."

तो तसाच फोटो छापला गेला. प्रिन्सिपल आठवडाभर फुगून बसला. पण माणूस वाईट नव्हता. त्याच्याच शाळेत पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणी होऊ दिलं नसतं.

आता एका फ्लॅटचं सांगते. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट बंद असायचा. मालक बदलीवर बाहेरगावी. बाल्कनीत कबुतरांनी संसार मांडलेला. बाई कपडे वाळत घालायला आल्या की ओला कपडा हातात तसाच, आणि नजर त्या बाल्कनीवर. मला वाटायचं कबुतरांचा राग करतात. एकदा मी विचारलं, कोणाचा हो तो? तर म्हणाल्या, "आगाशांचा." सोसायटी निघाली तेव्हाच आगाशे मेंबर झाले होते, आणि बाईंना ते पहिल्यापासून माहीत होतं. घर बदलता आलं असतं. भाऊजींनी तसं सुचवलंही होतं, असं मला नंतर कळलं. बाई नाही म्हणाल्या.

आणि एका दसऱ्याच्या सुमाराला ट्रक आला. आगाशे, वहिनी आणि धाकटी केतकी. मीनल गेली तेव्हा ती बालवाडीत होती, आता दहावीला. चुणचुणीत पोरगी, पण बापाच्या बदल्यांमागे हिंदी मुलखात कुठे कुठे वाढलेली, मराठी बोलताना निम्मं हिंदी. "काकू, मला सब पता आहे," असं काहीतरी. आगाशे वहिनी मात्र वाळून गेलेल्या. बोलायला चांगल्या, पण केतकीवर डोळा इतका की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा. बाईंशी त्या आदराने वागायच्या. वाटेत भेटल्या की, "बाई, बऱ्या आहात ना? हात कसे आहेत?" बाईंचं तोंड अशा वेळी बघवायचं नाही.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. खोलीभर बायका. केतकी तिळगूळ वाटायला मदत करत होती. कोणीतरी तिला विचारलं, दहावीनंतर काय गं? ती म्हणाली, "सायन्स. पण आई नाही म्हणते."

"नाहीच म्हणणार," आगाशे वहिनी म्हणाल्या. "लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही. तू ऐकतेस का कोणाचं? बिल्कुल ताईवर गेली आहेस."

"आई, यार, बस ना. सगळ्यांसमोर काय!"

"सगळ्यांसमोरच बोलते. बाईंनी शंभरदा सांगितलं असेल शाल काढ म्हणून. काढली का तिने? ह्या बसल्या आहेत बाई, विचार त्यांना. तिचा हट्ट, आणि हात भाजून घेतले बाईंनी. ऐकत नाही त्याचं असं होतं."

केतकीने ताटली खाली ठेवली आणि मान खाली घालून निघून गेली. मी दाराकडे बघितलं. बाई बसल्या होत्या त्या जागी चपलाच होत्या नुसत्या.

त्या माझ्या स्वयंपाकघरात होत्या. ओट्याला धरून उभ्या. मला वाटलं घेरी आली. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात घेतलं नाही. "कमलताई," म्हणाल्या, "मी हो म्हटलं होतं."

"कशाला?"

"शालीला. तिने विचारलं होतं मला. दाराशी थांबून विचारलं, बाई, आज राहू दे का, फार हुडहुडी भरलीय. अंगात ताप होता तिच्या. इतर मुलींना मी कधी हो म्हटलं नसतं. ही आपली. कोकणातली पोर, पहिली थंडी. मी म्हटलं, राहू दे बाळा. घट्ट गुंडाळून घे."

बाहेर बायका उखाण्यांवर आल्या होत्या. मी दार लोटून घेतलं, तर बाईंनी ते पुन्हा उघडलं.

"आणि दवाखान्यात वहिनींनी मला विचारलं. वॉर्डच्या बाहेर, बाकावर. बाई, तुम्ही तिला काढायला सांगितली होतीत ना? मी मान हलवली. म्हटलं आत्ता नको, मुलगी बरी होऊ दे, मग सांगेन. घाबरलेही होते, खोटं कशाला सांगू. मग ती गेलीच. मग चौकशी, तो कागद, मोठ्या बाई म्हणाल्या शाळेचं नाव जाईल, गप्प राहा. मी गप्प राहिले. मला वाटायचं ओझं माझ्या एकटीवर आहे. आज कळलं की ते त्या धाकटीवर टाकलंय."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली नुसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आगाशांकडे गेल्या. मला म्हणाल्या, "बरोबर या. बोलू नका, पण या." वहिनी जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. बसा म्हणाल्या. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच, वर्गात सांगावं तसं सगळं सरळ सांगितलं. मीनलने नियम मोडला नव्हता. तिने विचारलं होतं, मी परवानगी दिली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटी मान हलवली. तुमच्या मुलीची काही चूक नव्हती.

वहिनींचे हात चालूच होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, दाणे सालांच्या ढिगात जात होते.

"दोनदा म्हणाली ती मला," वहिनी म्हणाल्या.

बाईंना कळेना. "काय?"

"आई, मी बाईंना विचारलं होतं. असं म्हणाली. दोनदा. ओठ हलत नव्हते नीट, तरी म्हणाली. आणि मी तुम्हाला विचारून आले, तुम्ही मान हलवलीत. आत जाऊन मी तिला म्हटलं, मीनू, निदान आता तरी खोटं बोलू नकोस." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "त्यानंतर ती बोललीच नाही. दोन दिवस होती, पण बोलली नाही. मला वाटायचं शुद्ध नव्हती."

आतल्या दारात केतकी उभी होती, हातात पुस्तक. बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, "जा तुम्ही." ओरडल्या नाहीत. दमलेल्या माणसाचा असतो तसा आवाज. आम्ही उतरलो. जिन्यात बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या, आंधळ्यासारख्या.

मला वाटलं आता सोसायटीभर होईल, शाळेत जाईल, पोलिसात जाईल. तसं काही झालं नाही. आगाशांच्या घरातून काहीच बाहेर आलं नाही. फक्त एक झालं. त्यांच्या दिवाणखान्यात मीनलचा फोटो लागला. इतकी वर्षं त्या घरात तिचा फोटो नव्हता, हे मला तो लागल्यावर कळलं. दोन वेण्या, पांढरी रिबीन, हसताना एक दात पुढे. आणि केतकीला त्या घरात कोणी पुन्हा 'ताईवर गेलीस' म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण वेगळ्या गोष्टीवरून. गाण्याच्या भेंड्यांत जिंकली की.

बाई रोज शाळेत जात होत्या. भाऊजींना त्यांनी सांगून ठेवलं होतं, कोणी काही लिहून मागितलं तर मी लिहून देणार आहे, अडवू नका. कोणी मागितलं नाही. प्रिन्सिपललाही त्यांनी जाऊन सगळं सांगितलं. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "मॅडम, क्लास का टाइम हो रहा है." एवढंच.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आगाशे वहिनी बाईंच्या दारात आल्या. आत गेल्या नाहीत. माझं दार समोरच, उघडं, म्हणून मला ऐकू आलं.

"केतकी सायन्स घेतेय. तुमच्याच शाळेत."

"बरं," बाई म्हणाल्या.

"प्रॅक्टिकलच्या दिवशी मी येऊन बसणार. तुम्ही मुलींना काय सांगता ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

"या."

शाळेत अर्थात नियम निघाला. पालकांना आत यायची परवानगी नाही. प्रिन्सिपल बाईंना म्हणाला, "मॅडम, पेरेंट्स कॉरिडोर में नहीं बैठ सकते. रूल है." बाई म्हणाल्या, "तो रूल में लिख दीजिए, एक बैठ सकती हैं." त्याने लिहिलं की नाही देव जाणे. पण प्रयोगशाळेबाहेर एक स्टूल आलं.

मी ते एकदाच पाहिलं. केतकीचं बारावीचं वर्ष संपत आलं होतं. बाई चष्मा घरी विसरल्या आणि भाऊजींना बरं नव्हतं, म्हणून मी तो घेऊन शाळेत गेले. लांबलचक कॉरिडोर, फरशी अशी की पाय घसरेल. दुपारचं ऊन काचेतून आत आलेलं. टोकाला स्टुलावर आगाशे वहिनी. हातात विणकाम नाही, पुस्तक नाही. ताठ बसलेल्या आणि नजर आत. मला वाटलं लेकीकडे बघत असतील. जवळ गेले तेव्हा दिसलं, केतकी त्या बाजूला नव्हतीच, ती खिडकीपाशी होती. वहिनी बाईंकडे बघत होत्या.

आणि बाई? बाई टेबलांमधून फिरत होत्या. कोणाची वेणी मागे टाक, कोणाचा दिवा पुढे सरकव. एका मुलीने काहीतरी विचारलं. बाई थांबल्या, उत्तर द्यायच्या आधी दाराच्या रेषेत आल्या, बाहेरून दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि मग मोठ्याने, स्पष्ट म्हणाल्या, "नहीं बेटा. इसकी परमिशन नहीं है." परत फिरल्या. दुसरीने विचारलं. पुन्हा दाराच्या रेषेत. "हाँ, कर सकती हो. मैंने हाँ कहा है." प्रत्येक होकार, प्रत्येक नकार त्या तिथे येऊन देत होत्या. दोन वर्षं असंच चाललं होतं, हे मला केतकीने मागाहून सांगितलं. मुलींना वाटायचं मॅडमची सवय आहे.

तास संपला. मुली हसत खिदळत बाहेर आल्या. केतकीची बोटं जांभळी झालेली. वहिनींनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, सोडला. मग उठल्या. बाई दारात उभ्या होत्या. दोघींमध्ये एक उंबरठाही नव्हता, नव्या शाळांना उंबरठे नसतात. बाई वाट बघत होत्या, कशाची ते मला माहीत नाही. वहिनींनी स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि लेकीच्या मागोमाग निघून गेल्या.

मी चष्मा दिला. म्हटलं, "बाई, अजून किती दिवस?"

चष्मा डोळ्यांवर चढवून त्या रिकाम्या कॉरिडोरकडे बघत म्हणाल्या, "येतात ना त्या. येतात तोवर बरं आहे."

मग आत जाऊन एकेका दिव्यावर टोपण ठेवायला लागल्या. मी काचेतून बघत होते. शेवटचा दिवा विझला, तेव्हा खाली मैदानात कोणीतरी खोकलं. बाईंची मान वळली.

तेच माझं शेवटचं बघणं. उन्हाळ्यात मी तुझ्या ताईच्या बाळंतपणाला पुण्याला गेले, आणि मी नसताना भाऊजींचं दुखणं वाढलं म्हणून ते दोघं सांगलीला त्यांच्या भावाकडे गेले. पुढे भाऊजी गेले. दोन वर्षांनी बाईही गेल्या. कळवलं आगाशे वहिनींनी. त्यांना कसं कळलं, त्यांचा काही संबंध राहिला होता का, मी विचारलं नाही. त्या सांगायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. पण माझ्याकडे बसल्या चांगला तासभर. चहा घेतला. मीनल लहानपणी कशी होती ते सांगत होत्या.

तर अनू, म्हणून म्हणते, ते पुस्तक वाच. आणि लेक एखाद्या दिवशी घरी येऊन म्हणाली, आई, मी विचारलं होतं, तर आधी तिचं ऐक. दुसऱ्या कोणाची मान बघायला जाऊ नकोस.

केतकी संक्रांतीला येतेय. हैदराबादला असते, औषधांच्या कारखान्यात, हाताखाली मोठी प्रयोगशाळा आहे म्हणे. आली की माझ्याकडे जेवल्याशिवाय जात नाही. तेव्हा तूही ये, लेकीला घेऊन ये. मेट्रो आता पार आमच्यापर्यंत येते, तेव्हा लांब आहे हे कारण चालायचं नाही. ऑफिसचं सांगू नकोस, रविवार आहे, मी कॅलेंडर बघितलंय. मटारची उसळ करते. लवकर ये गं, या वर्षी आगाशे वहिनीही येते म्हणाल्या आहेत, आणि त्यांना आता जिने फार दिवस चढवतील असं वाटत नाही.